माल पोचवणाऱ्या ट्रकचे बाहेरचे दिवे: नव्या ड्रायव्हरने काय, कधी आणि कुठे उभं राहून तपासायचं

माझ्या पहिल्या वर्षातली एक संध्याकाळ. दिवेलागणीची वेळ, भुरभुर पाऊस. रस्त्याच्या कडेला ट्रक लावून, मागचा फाळका पाडून मी खोकी उतरवत होतो. हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे दिवे, लावलेले होते, केबिनमध्ये त्यांची टिकटिक चालू होती. तेवढ्यात मागून मोटरसायकल आली, करकचून ब्रेक लागला आणि तिचं चाक माझ्या पायापासून हातभर अंतरावर थांबलं. तो मुलगा भांडला नाही. हेल्मेटची काच वर करून म्हणाला, “दादा, मागून एकही दिवा दिसत नाही.” मी त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो. बिजागऱ्यांवर लोंबणाऱ्या फाळक्याने मागचे दोन्ही दिवे झाकले होते. सगळे पेटलेले होते आणि रस्त्यावरच्या कुणालाही त्यातला एकही दिसत नव्हता.

तेव्हापासून नव्या मुलांना मी दिव्यांची तपासणी केबिनमध्ये बसून करूच देत नाही. खाली उतरायचं, दुसऱ्याच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि आपली गाडी त्याला कशी दिसते ते बघायचं. गाडी धावताना कशी दिसते हे तर बघायचंच, पण माल उतरवताना ती जशी उभी असते, तशी करूनही बघायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: कोणता रंग कुठे

दिव्यांचे तपशील देशागणिक बदलतात, पण मूळ तत्त्व जवळपास सगळीकडे एकच आहे. रस्ते वाहतुकीबाबतच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही ते आहे: पुढे पांढरा किंवा पिवळसर उजेड, मागे लाल. पुढच्या बाजूने लाल दिसता कामा नये आणि मागच्या बाजूने पांढरा दिसता कामा नये. मागच्या नियमाला मोठा अपवाद रिव्हर्सच्या दिव्याचा, आणि नंबरप्लेटवर उजेड टाकणारा छोटा पांढरा दिवा. अंधारात समोरच्याला गाडी दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात. लाल ठिपका म्हणजे ‘ही गाडी माझ्या पुढे, माझ्याच दिशेने चाललीय किंवा उभी आहे’ आणि पांढरा म्हणजे ‘ही माझ्याकडे येतेय’, एवढ्यावरच तो निर्णय घेतो. रंग चुकला की त्याचा निर्णय चुकतो.

ट्रकला याशिवाय आणखी दिवे लागतात, कारण तो रुंद, उंच आणि लांब असतो. अनेक देश पाळतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४८ नुसार गाडी २.१० मीटरपेक्षा रुंद असेल तर वरच्या कोपऱ्यांत रुंदी दाखवणारे दिवे सक्तीचे आहेत, पुढे पांढरे आणि मागे लाल. लांबी ६ मीटरपेक्षा जास्त असेल तर बाजूला नारिंगी साईड मार्कर लागतात. पहिला पुढच्या टोकापासून ३ मीटरच्या आत आणि शेवटचा मागच्या टोकापासून १ मीटरच्या आत. अमेरिकेत २.०३ मीटर आणि त्याहून रुंद गाड्यांना कोपऱ्यांतल्या दिव्यांशिवाय मधोमध तीन दिव्यांची ओळ लागते आणि तिथे पुढचे हे सगळे दिवे नारिंगी असतात. म्हणून दुसऱ्या देशातल्या गाडीचा फोटो बघून दिवे बसवून घेऊ नका. तुमच्या गाडीला काय लागतं ते तिच्या पुस्तिकेत आणि तुमच्या देशाच्या मोटार वाहन नियमांत बघा.

दुसरी पायरी: गाडीभोवती फेरी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, चाकाखाली ओट (दगड किंवा ठोकळा). इग्निशन चालू करून आधी पार्किंग लाईट लावा आणि उतरा. जाताना हातात कोरडं फडकं असू द्या.

फेरी ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करून पुन्हा त्याच दाराशी संपवा, रोज त्याच दिशेने. रोजची वाट एक असली की वगळलेला दिवा लगेच खटकतो. प्रत्येक दिव्याशी तीन गोष्टी बघायच्या: पेटतोय का, जोडीदाराइतकाच प्रखर आहे का, आणि काच शाबूत व स्वच्छ आहे का. मधल्या गोष्टीकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. एक दिवा लख्ख आणि दुसरा मंद असेल तर तो ‘चालतोय’ असं समजू नका. तो बिघडायला लागलाय, आणि का ते पुढे सांगतो.

काच फुटून पांढरी फट पडली असेल तर लाल दिव्यातून पांढरा उजेड बाहेर येतो. तेवढ्यापुरती लाल चिकटपट्टी लावायची पद्धत आहे. ती गॅरेजपर्यंत जायला ठीक, महिनाभर चालवायला नाही.

मग हॅझर्ड लावून दुसरी फेरी. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकले पाहिजेत. एका बाजूचा इंडिकेटर भरभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब बहुधा गेलेला असतो. गाडी स्वतःहून देते ती ही सूचना आहे.

ब्रेक लाईटला दुसरा माणूस लागतो. नसेल तर गाडी भिंतीकडे किंवा काचेच्या दाराकडे पाठ करून लावा आणि आरशात लाल उजेड उमटतो का बघा. दोन्ही बाजूंनी उमटला पाहिजे, नुसती भिंत लाल झाली म्हणून समाधान मानू नका. मी तर माल भरणाऱ्या हमालालाच हाक मारतो, “जरा मागे उभा राहून बघ रे.” अर्ध्या मिनिटाचं काम असतं, नाही कुणी म्हणत नाही. रिव्हर्सचा दिवाही त्याच वेळी बघून घ्या, पण गियर टाकण्याआधी तो माणूस गाडीच्या सरळ रेषेतून बाजूला झालाय याची खात्री करा.

तिसरी पायरी: हेडलाईटचा झोत

डिपरचा, म्हणजे हेडलाईटच्या खालच्या झोताचा, उजेड किती आहे यापेक्षा तो कुठे पडतो हे महत्त्वाचं. हेडलाईटच्या काचेजवळ किंवा केबिनमधल्या पट्टीवर बऱ्याच गाड्यांत टक्क्यांत एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ १ टक्का. याचा अर्थ झोताची वरची कड दर १० मीटरला १० सेंटीमीटर खाली उतरली पाहिजे.

तपासायला सपाट जागा आणि भिंत हवी. गाडी भिंतीजवळ नेऊन दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखा. मग गाडी सरळ मागे घेत भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, टायरची हवा बरोबर असू द्या, सीटवर माणूस बसलेला असू द्या आणि डिपर लावा. आकडा १ टक्का असेल तर झोताची कड खडूच्या रेघेखाली साधारण १० सेंटीमीटरवर दिसली पाहिजे. ही कड एका बाजूला थोडी वर चढलेली असते, तो बिघाड नव्हे. कडेचे पादचारी आणि फलक दिसावेत म्हणून झोत मुद्दाम तसा घडवलेला असतो आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली ठेवलेला असतो. डावीकडून चालणाऱ्या देशांचे आणि उजवीकडून चालणाऱ्या देशांचे हेडलाईट याच कारणाने वेगळे असतात. जुन्या बाजारातून उलट्या बाजूचा हेडलाईट आणून बसवला तर तो वर चढलेला भाग थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता माल भरा. मागचे पाटे दबतात, पुढचं नाक किंचित उचलतं आणि झोतही उचलतो. दिवा जमिनीपासून १ मीटर उंच असेल आणि झोत १ टक्का खाली असेल तर त्याची कड १०० मीटरवर रस्त्याला टेकते. नाक फक्त अर्धा टक्का उचललं तरी ती २०० मीटरवर जाते. एक टक्का उचललं तर रस्त्याला टेकतच नाही, समोरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांना टेकते. यासाठीच डॅशबोर्डवर ० ते ३ किंवा तत्सम आकड्यांचं फिरतं बटण असतं. भरलेली गाडी असेल तर आकडा वाढवायचा म्हणजे झोत खाली येतो, रिकामी झाली की परत शून्यावर. वाटेत थांबत थांबत माल उतरवणाऱ्या गाडीचं वजन दिवसभर बदलत राहतं, त्यामुळे हे बटण सकाळी एकदा लावून विसरायचं नाही. काही गाड्यांत हे काम आपोआप होतं. तिथे बटण नसतं.

चौथी पायरी: रिफ्लेक्टर आणि रेडियम

ज्या चकचकीत पट्टीला आपण सगळे रेडियम म्हणतो, तिच्यात रेडियम नसतं. तिच्यात बारीक काचेचे मणी किंवा चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यासारखे सूक्ष्म लोलक असतात आणि ते उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. म्हणून ही पट्टी बॅटरी गेली, वायर तुटली, फ्यूज उडाला तरी काम करते. बंद पडलेल्या गाडीचा तोच शेवटचा आधार.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००१ मध्ये जड ट्रेलरांवरच्या या पट्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंधारात बाजूने आणि मागून बसणाऱ्या धडका पट्ट्यांमुळे २९ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात आढळलं, आणि रस्त्यावर दिवे नसलेल्या ठिकाणी ४१ टक्क्यांनी. पट्टी मळकी असेल तर फायदा बराच घटतो, असंही त्यात दिसलं. काही रुपड्यांच्या फडक्याने, एका मिनिटात होणारं काम आहे हे. मी पट्टी पुसण्याला दिवे तपासण्याइतकंच महत्त्व देतो.

रंग लक्षात ठेवा: पुढे पांढरा रिफ्लेक्टर, बाजूला नारिंगी, मागे लाल. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत मागचा त्रिकोणी लाल रिफ्लेक्टर फक्त ट्रेलरसाठी राखून ठेवलाय, म्हणून ते नियम चालतात तिथे साध्या ट्रकला तो लावू नका. पट्टी घेताना तिच्यावर मान्यतेची खूण छापलेली आहे का बघा. सजावटीची चमकी आणि ही पट्टी दिवसा सारखीच दिसते. फरक रात्री कळतो: टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून ३० पावलांवरून उजेड टाका. खरी पट्टी दिव्यासारखी उजळते.

पाचवी पायरी: माल उतरवताना

बाकीचं सगळं घाईत वाचलं असेल तरी हा भाग सावकाश वाचा. डिलिव्हरीची गाडी दिवसातून कित्येकदा अशा जागी थांबते जिथे मागून येणाऱ्याला ती उभी असेल अशी अपेक्षाच नसते, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या मागच्या बाजूला माणूस काम करत असतो.

एकदा सावकाशीने, मोकळ्या जागेत, हा प्रयोग करा. गाडी रोज माल उतरवताना जशी असते तशी करा: फाळका पाडा, दारं उघडा, मागे माल उतरवायची लिफ्ट असेल तर ती अर्ध्यावर थांबवा, दोन-चार खोकी मागे रचा. हॅझर्ड लावा. आता मागे ३० पावलं चालत जा आणि वळून बघा. मग गुडघ्यावर बसून बघा, कारण मोटारीत बसलेल्याचे डोळे तेवढ्याच उंचीवर असतात. कोणता दिवा नाहीसा झाला? लिफ्टचा फळा मध्यावर असताना दिवे झाकतो का? पूर्ण वळवून बॉडीच्या बाजूला अडकवलेल्या दाराने साईड मार्कर किंवा रेडियम झाकलं जातंय का?

झाकलं जात असेल तर उपाय गाडीच्या मालकाशी किंवा गॅरेजशी बोलून करायचा. बॉडीच्या वरच्या कोपऱ्यांत, दाराच्या चौकटीवर, जादा इंडिकेटर बसवता येतात. लिफ्टच्या फळ्याच्या दोन्ही टोकांना लुकलुकणारे दिवे आणि रेडियमचे छोटे झेंडे लावतात. दाराच्या आतल्या बाजूला पट्टी लावली तर उघडलेलं दारही चमकतं. तोवर खोक्यांची थप्पी दिव्यासमोर न रचता कडेच्या बाजूला रचणं तर कुठल्याही खर्चाशिवाय जमतं.

हॅझर्डबद्दल दोन गोष्टी. पहिली: तुमच्या मागे चिकटून दुसरी गाडी उभी असेल तर मागून येणाऱ्याला तुमची एकच बाजू दिसते. त्याला दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकताना दिसत नाहीत, एकच दिसतो, आणि तो समजतो की ट्रक वळतोय किंवा निघतोय. म्हणून अशा जागी हॅझर्डवर विसंबू नका, पार्किंग लाईटही लावा आणि शक्य असेल तर शंकू ठेवा. दुसरी: बहुतेक गाड्यांत हॅझर्ड चालू असताना इंडिकेटरची दांडी ओढूनही काही होत नाही. निघताना आधी हॅझर्ड बंद, मग इंडिकेटर, मग आरसा, मग क्लच. आणि हॅझर्ड लावले म्हणून थांबायला मनाई असलेली जागा थांबायची होत नाही.

बॉडीच्या मागे माल दिसावा म्हणून लावलेला पांढरा वर्क लॅम्प गाडी हलण्याआधी बंद झालाच पाहिजे. तो चालू ठेवून निघालात तर मागच्याला पांढरा उजेड दिसतो, म्हणजे ट्रक आपल्याकडे येतोय असं त्याला वाटतं. त्याचं बटण केबिनमध्ये असेल आणि त्याला सूचना देणारा बारीक दिवा असेल तर उत्तम.

सहावी पायरी: बिघाड ओळखणं

बल्ब बदलण्याआधी व्होल्टेज बघा. हलक्या गाड्या बहुतेक १२ व्होल्टच्या, जड ट्रक बहुतेक २४ व्होल्टचे. १२ चा बल्ब २४ वर लावला तर क्षणात जळतो. २४ चा १२ वर लावला तर मिणमिणतो आणि तुम्ही वायरिंगला दोष देत बसता.

बऱ्याच गाड्यांत मागच्या दिव्यात दोन तारांचा बल्ब असतो, एक तार २१ वॅटची ब्रेकसाठी आणि दुसरी ५ वॅटची टेल लाईटसाठी. त्याच्या बुडाच्या दोन खिळ्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसतो. जोर लावून उलटा बसवला तर टेल लाईटच ब्रेकसारखी प्रखर दिसते आणि ब्रेक दाबल्यावर कुणाला काही कळत नाही. बसत नसेल तर अर्धा फेरा फिरवून बघा, जोर करू नका. हेडलाईटच्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटांचा तेलकटपणा तापतो, तेवढी जागा जास्त गरम होते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

आता मंद दिव्याचं कारण. होल्डर उघडलात की बऱ्याचदा पितळेवर हिरवट-पांढरी भुकटी आणि काळा थर दिसतो. पाणी शिरलेलं असतं. पण दोषी बहुतेक वेळा अर्थिंग असतं, म्हणजे दिव्यापासून चॅसीकडे (गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडे) जाणारी परतीची वायर. तिच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली गंज चढला की विजेला परतीची वाट मिळत नाही आणि ती शेजारच्या दिव्यातून वाट काढते. त्यामुळे लक्षणं चमत्कारिक दिसतात: ब्रेक दाबला की टेल लाईट मंद होते, इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा त्याच्याबरोबर लुकलुकतो. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका. अर्थिंगचा नट खोला, ती कडी आणि चॅसीचा धातू घासून चकचकीत करा, नट घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकणं हा उपाय नव्हे. कुठेतरी वायर घासून चॅसीला लागतेय आणि मोठा फ्यूज तिला पेटेपर्यंत तापू देईल. हे काम वायरमनकडे द्या.

एलईडी आणि जादा दिव्यांचा मोह

मागचे दिवे एलईडीचे पूर्ण युनिट असतील तर चांगलंच. तारेचा बल्ब पूर्ण उजळायला साधारण एक पंचमांश सेकंद जास्त घेतो. ताशी ८० किलोमीटरने मागून येणारी गाडी तेवढ्यात जवळपास साडेचार मीटर पुढे सरकते. ब्रेक लाईट तेवढी आधी पेटली तर मागच्याला तेवढी जागा मिळते. मात्र एलईडीची काच फारशी तापत नाही, म्हणून बर्फाच्या प्रदेशात तिच्यावर साचलेला बर्फ आपोआप वितळत नाही, हाताने काढावा लागतो.

हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये नुसता एलईडीचा बल्ब खोचणं मात्र वेगळी गोष्ट. आतला आरसा त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी आणि आकारासाठी घडवलेला असतो. उजेडाची जागा जरा हलली की झोताची कड फाटते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. ड्रायव्हरला जास्त उजेड पडल्यासारखं वाटतं, म्हणून ही चूक आवडीने केली जाते. मान्यता असलेलं पूर्ण युनिट घ्या किंवा हॅलोजनच राहू द्या. लाल-निळे लुकलुकणारे दिवे बहुतेक देशांत पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन यांच्यासाठी राखीव असतात. हौस म्हणूनही ते लावू नका.

पावसात, आणि दिवा वाटेत गेला तर

खोक्यासारख्या बॉडीची गाडी धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल तिथेच ओढला जातो. म्हणून पावसात पुढचे दिवे बरे दिसतात आणि मागच्यांवर तासाभरात चिखलाचा थर चढतो. प्रत्येक थांब्यावर दारं उघडण्याआधी मागचे दिवे, नंबरप्लेट आणि पट्टी यांवर फडकं फिरवा. मागचा फॉग लाईट फक्त दाट धुक्यात किंवा पाऊस-बर्फ इतका असेल की पुढचं दिसत नाही तेव्हाच लावा. तो ब्रेक लाईटइतकाच प्रखर असतो, साध्या पावसात चालू ठेवला तर त्याच्या शेजारी खरी ब्रेक लाईट ओळखू येत नाही.

वाटेत मागचा दिवा किंवा ब्रेक लाईट गेली तर उजेड असेपर्यंत सुरक्षित जागा गाठा आणि दुरुस्त करा. त्यासाठी गाडीत नेहमी ठेवायचं: त्या गाडीत लागणाऱ्या प्रत्येक प्रकारचे दोन बल्ब, फ्यूज, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, टॉर्च, चमकणारं जॅकेट आणि धोक्याचा त्रिकोण. गाडी रस्त्यातच अडकली तर आधी जॅकेट घाला आणि रहदारी नसलेल्या बाजूने उतरा. त्रिकोण नेताना तो छातीसमोर, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धरा, म्हणजे चालताना तुम्हीही दिसता. किती अंतरावर ठेवायचा ते तुमच्या देशाच्या नियमात दिलेलं असतं. वळण किंवा चढाचा माथा असेल तर येणाऱ्याला त्याच्याही आधी दिसेल असा ठेवा, नाहीतर येणाऱ्याला आधी ट्रक दिसेल आणि मग त्रिकोण.

पाळी संपताना दिव्यांबद्दल काही आढळलं असेल तर वहीत लिहा. ‘लाईटचा प्रॉब्लेम’ असं लिहून गॅरेजवाल्याला काही कळत नाही. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघताना जे असेल ते धरायचं. असं लिहा: ‘मागचा डावा. ब्रेक दाबल्यावर टेल लाईट मंद होते. पावसात जास्त. बल्ब बदलून पाहिला, फरक नाही.’ एवढं वाचून वायरमन थेट अर्थिंगच्या नटापाशी जातो आणि सकाळी गाडी दोन्ही दिव्यांनिशी बाहेर पडते.